सोजरच्या पोरीची झोळी

या, जवळ येऊन बसा. एवढ्या लांब बसून कुणी ऐकतं का? आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसायची ही तुमची सवय — मला ती कधीच आवडली नाही बगा. आल्या आल्या 'निघते' म्हणायचं. निघा की, मी काय बांधून ठेवते का? पण आज जरा उशिरानं निघा. कारण आज जे सांगायचंय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या मालकांना नाही — ते न ऐकताच गेले. लेकाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा मी त्या गोष्टीच्या कडेकडेनं जाते. मधून जात नाही.

मला तुम्ही कशी ओळखता? झोळीवाल्या बाई म्हणून. लातूरकडच्या कुठल्याही जुन्या बालवाडीच्या सेविकेला विचारा, ती हेच नाव सांगेल. दुष्काळात तलावाच्या कामावरच्या बायांची तान्ही लेकरं जिनं सांभाळली, लुगड्याच्या झोळ्या बांधून जगवली, ती बाई. तुम्हीही ऐकलंय. डोळे पुसलेत तुम्ही ते ऐकून, मी पाहिलंय. तेव्हा मी काय केलं होतं? खाली बघितलं होतं. तुम्हाला वाटलं, बाई किती साधी, कौतुक सोसत नाही तिला.

थांबा. पहिल्यापासून सांगते. एकदम सांगितलं तर माझ्या तोंडातून अर्धंच येईल, आणि अर्धं सांगायची मला लई सवय झालीय.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते. आमचं घर मुखेडात. विहिरी आटल्या, बाजाराच्या दिवशी बाजारात माणसंच दिसायची, माल नाही. वडलांनी मला उचललं आणि नांदेडला मामाकडं नेऊन सोडलं. मामाची बरी नोकरी होती. गोदावरीला डबकी का होईना, पाणी होतं. मी सगळा दुष्काळ मामीच्या हातची भाकरी खाऊन काढला. मामेबहिणीबरोबर भरतकाम शिकले. उशीच्या अभ्र्यावर मोर काढला. हिरव्या दोऱ्याचा. हा माझा दुष्काळ. खरा. दुसरा कुठलाही दुष्काळ मी बघितलेला नाही.

तो बघितला कौसानं.

कौसा — कौसल्या — माझ्याच वयाची. मुखेडातच, पण वस्ती वेगळी. त्यांच्या घरात जयभीम म्हणायचे. तिच्या आज्यानं धर्म बदलला त्या वेळी देव्हारा कसा उचलून ठेवला ते ती हसत हसत सांगायची. आमची ओळख शाळेतली, ती सातवीपर्यंतची. दोघींची लग्नं दुष्काळ सरल्यावर झाली, गावातल्या गावात. ती दुष्काळात मुखेडातच होती, तलावाच्या कामावर. तिथं डोक्यावरून दगड वाहताना एक दगड हातावर आला आणि डाव्या हाताचं बोट चेचलं. ते पुढं वाकडंच राहिलं, आकड्यासारखं. पाटी उचलता येईना. तेव्हा मुकादमानं तिला सांगितलं, तू लेकरांकडं बस.

लेकरांकडं बस म्हणजे काय? बाभळीखाली पोतं टाकलं होतं, त्यावर सगळी तान्ही पोरं. मुंग्या, फुफाटा, ऊन सरकलं की तोंडावर ऊन. कौसानं काय केलं — प्रत्येकीकडून तिचंच जुनं लुगडं मागून घेतलं. फाटकं असू दे, पण तिचंच. त्याच्या झोळ्या बांधल्या, बाभळीच्या फांद्यांना. एका हातानं गाठ बसेना, तर दातानं ओढून बसवायची. मी पुढं एकदा विचारलं होतं तिला, गं, दोन पोतीच बांधायची ना, लुगडी कशाला? तर म्हणाली, "लुगड्याला आईचा घाम असतो की. पोरगं त्या वासावर निजतं. आन् दुसरं बग, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला मान वळवता येत न्हाई. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून आपला रंग दिसतो तिला. आपला रंग हलतोय, म्हंजी पोरगं खेळतंय. मग तिचा पाय चालतो पुढं."

हे कुणी शिकवलं तिला? कुणी नाही. चिंधी भिजवून बोटाला गुंडाळायची आणि पोरांच्या तोंडात पाणी सोडायची. सरकारी सुकडी यायची ती पातळ कालवून भरवायची.

आणि सोजरची पोरगी. हे मी पहिल्यांदा सांगतेय बरं का. माझ्या झोळीच्या गोष्टीत सोजर कधीच नव्हती.

सोजर म्हणून एक बाई होती कामावर. जांभळं लुगडं तिचं. तिच्या पोरीला हगवण लागली. कौसानं पाणी पाजलं, साखर-मीठ काय मिळालं ते घातलं, मुकादमाला गाडी बघा म्हणून सांगितलं. दुपारी पोरगी गेली. कौसा सोजरला हाक मारायला उठली, पण सोजर लांब, बांधावर, पाटी डोक्यावर. आणि वारा सुटला होता. जांभळी झोळी हलत होती. सोजरनं तिकडून बघितलं, हलतीय म्हणून हसली, आणि पुन्हा पाटी भरायला वळली.

कौसा हे सांगायची तेव्हा दर वेळी इथंच थांबायची. पुढं काय झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता दहा वर्षं पुढं या. उस्मानाबादचा तुकडा पाडून लातूर नवा जिल्हा झाला. आमचा मुखेड नांदेडातच राहिला, पण हवा आमच्याकडंही आली. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेऱ्यांची दारं, नव्या खुर्च्या. जो तो म्हणायचा, लातूरला भरती निघालीय. भिंतीला चुना लागायच्या आधी रांगा लागल्या, असं लोक हसून सांगायचे. मी आणि कौसा तोवर बाहेरून मॅट्रिक झालो होतो. तिचा भाऊ नांदेडला कॉलेजात, त्याची जुनी पुस्तकं. दोघी एकच पुस्तक वाचायचो. ती आमच्या ओसरीवर यायची, मी तिच्या घरी जायची. आमच्याकडं तिची कपबशी वेगळी होती. खिडकीत पालथी ठेवलेली. ती स्वतःच घ्यायची, स्वतःच धुवायची, काही बोलायची नाही. तिच्या घरी मी गेले की तिची आई मला घरातल्या चांगल्या कपात चहा द्यायची. आणि मी प्यायची! मला वाटायचं, मी किती सुधारलेली.

कौसाचा नवरा तोवर वारला होता. पदरात दोन लेकरं. आमच्या मालकांचं काम कधी असायचं, कधी नसायचं — पण ते होते. गरज दोघींनाही होती. कुणाला जास्त होती ते तुम्हाला दिसतंच आहे. मलाही दिसत होतं.

बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईच्या जागा निघाल्या. दोघींना एकाच दिवसाचा कॉल आला, तोंडी परीक्षेचा. सकाळच्या एसटीनं निघालो. तिनं पांढऱ्यावर निळे ठिपके असलेलं पातळ नेसलं होतं, इस्त्री नव्हती तर तांब्यात निखारे घालून फिरवलं होतं. आणि मी — बघा, हे नीट ऐका — मी तिला गाडीत म्हणाले, "कौसे, तो हात पदराखाली ठेव बाई. वाकडं बोट दिसलं तर म्हणतील, हिच्यानं काम व्हायचं न्हाई."

त्या वेळी मी भल्यासाठीच म्हणाले होते. देवाशपथ. त्या वेळी.

तिनं हात पदराखाली घेतला.

मग आम्ही खेळ केला. मी साहेब झाले, ती उमेदवार. मी आवाज जाड करून विचारलं, "काय हो बाई, बाहेर इतक्या मॅट्रिक झालेल्या बसल्यात, तुम्हालाच का घ्यायचं?" ती खुदकन हसली. म्हणाली, "घ्या की साहेब, मी तिकीट काढून आलेय." पुढच्या बाकावरचा म्हातारासुद्धा हसला. मी म्हणाले, मस्करी सोड. सगळ्या सारख्याच दिसतील त्यांना. मॅट्रिक ही पण, मॅट्रिक ती पण. लक्षात राहावं असं तुझ्याकडं काय हाय ते सांग. तर ती म्हणते, माझ्याकडं काय असणार? मीच म्हणाले, "अगं येडे, झोळ्या! दुसऱ्या कुणाकडं ही गोष्ट न्हाई. हेच सांग."

"ते काय सांगायचं? ते तर काम व्हतं."

"तेच सांग. आणि हे बग, ते मेलेल्या पोरीचं सांगू नको. नोकरीच्या जागी कशाला अभद्र?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. समजलं नाही तसं. म्हणाली, "सांगू नको कसं? ती पण व्हती की तिथं."

शिरूर ताजबंदला गाडी थांबली. चहा घेतला. आणि चहा पिता पिता मी तिला विचारलं, "कौसे, पाणी कशानं पाजायचीस गं पोरांना? चमच्यानं?"

मी ते का विचारलं?

चाळीस वर्षं मी या एका प्रश्नापाशी येऊन परत फिरते. सगळ्यांना सांगायला मी मनात एक गोष्ट तयार ठेवली होती — सापडलेच तर सांगायला — की आत गेल्यावर माझी वाचा बसली, घाबरले, आणि तोंडाला जे आलं ते गेलं. घाबरलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? पण मग शिरूरच्या चहावर मी तो प्रश्न का विचारला? झोळ्यांची गोष्ट आत जाऊन कौसानं सांगायची होती. तिला पाणी कशानं पाजायचं ते ठाऊकच होतं. मला कशाला पाहिजे होतं?

तिनं सांगितलं. "चिंधीनं. बोटाला गुंडाळून." बशी खाली ठेवून बोट पुढं करून दाखवलंसुद्धा. वाकडं बोट. मग आठवण झाली तसं पुन्हा पदराखाली घेतलं.

लातूरला पोचलो तर कचेरीच्या वऱ्हांड्यात हीऽऽ गर्दी. उदगीरच्या, निलंग्याच्या, औशाच्या पोरी. कुणी शिवणकामाचं प्रमाणपत्र आणलेलं, कुणाबरोबर मेव्हणे, कुणाबरोबर पुढारी. एक तर पेटी वाजवता येते म्हणून पेटी घेऊन आली होती. मी बघत होते आणि आतून रिकामी होत होते. माझ्याकडं काय होतं? हिरवा मोर?

शिपायानं पुकारलं, मुखेडच्या दोघी कोण? एकेक चला, कोण येतंय आधी? कागदावर कौसाचं नाव वर होतं. ती उठली, माझ्याकडं बघितलं आणि शिपायाला म्हणाली, "दादा, हिला जाऊ द्या आधी. पोटात गोळा आलाय हिच्या. एकदा आत जाऊन आली म्हंजी जीव खाली पडंल तिचा." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला आत ढकललं. कुठला हात? तोच.

आत तिघं होते. दोन साहेब आणि सुती साडीतल्या एक डॉक्टरीणबाई. नाव, गाव, शिक्षण झालं. मग टक्कलवाले साहेब म्हणाले, "बाई, बाहेर एवढ्या शिकलेल्या बसल्या आहेत. तुम्हालाच का घ्यावं?"

तोच प्रश्न. शब्दसुद्धा जवळजवळ तेच, मी गाडीत विचारलेले.

मी म्हणाले, "दुष्काळात मी तलावाच्या कामावर होते."

एवढंच एक वाक्य अवघड होतं. पुढं मग कसं — घसरगुंडीवरून गेल्यासारखं. झोळ्या, लुगड्यांचा वास, डोळ्याच्या कोपऱ्यातला रंग, चिंधीनं पाणी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मी म्हणाले, गाठ दातानं मारायची. त्यांनी विचारलं, "दातानं का?" मी क्षणभर अडकले. मग म्हणाले, "एका हातावर लेकरू असायचं ना बाई." त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. हळूच विचारलं, "सगळी जगली?"

आणि मी म्हणाले, "एकही दगावलं नाही."

सांगा आता. कौसाची गोष्ट मी घेतली — पण सोजरच्या पोरीला मी काय केलं? ती मेली होती, तिला मी जन्मलीच नाही असं करून टाकलं.

बाहेर आले. कौसानं विचारलं, बरं गेलं का? मी हो म्हणाले. ती आत गेली.

अजून वेळ होती बरं का. दार ढकलून मी आत जाऊ शकले असते. मी काय केलं? नळावर जाऊन पाणी प्याले. लई तहान लागली होती.

ती लवकर बाहेर आली. इतक्या लवकर कुणीच आलं नव्हतं. चेहऱ्यावर काही नव्हतं — मारलेल्या माणसाचा असतो ना, आधी कळत नाही त्याला, तसा. माझ्याजवळ बसली. म्हणाली, "इंदे, मी झोळ्यांचं सांगायला लागले, तर ते एकमेकांकडं बगाय लागले. साहेब म्हणले, ऐकीव सांगू नका बाई, स्वतःचं सांगा. मी म्हणलं, माझंच हाय. सगळं सांगितलं, सोजरच्या पोरीचं पण. तर त्या डॉक्टरीणबाई हासल्या. म्हणल्या, ऐकलं ते तरी नीट ऐकायचं व्हतं." मग तिनं मला विचारलं, अगदी जीव तोडून विचारलं, "ऐकीव कसं म्हणले गं? माझ्या आधी कुणी सांगितलं असंल?"

हात पदराखालीच होता तिचा. आतसुद्धा तिनं तो काढला नव्हता. ते एक बोट वर केलं असतं तर गाठ दातानं का मारावी लागायची ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मी सांगितलं होतं ना, दाखवू नको म्हणून. आणि ती माझं ऐकायची.

"तुला काय विचारलं गं?" ती म्हणाली.

"पाढे," मी म्हणाले. "आणि आवड काय म्हणून. मी भरतकाम सांगितलं."

"तुझं हुईल बग," ती म्हणाली. "तुझं बोलणं साफ हाय."

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा सुचली. त्या तिघांनी दोन बायांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकली. त्यातली खोटी कोण, हे ठरवायला त्यांना जरासुद्धा वेळ लागला नाही. मी आधी गेले म्हणून? का कागदावर दोघींची आडनावं होती म्हणून? त्यांच्या मनातलं मला काय ठाऊक. पण मला ते आत जातानाच कुठंतरी माहीत होतं — की दोघींत विश्वास ठेवायची वेळ आली तर माझ्यावर ठेवतील. खिडकीतल्या पालथ्या कपासारखं माहीत होतं. कुणी बोलून न दाखवता. आमच्या घरात तिच्या ओठाचा कप मला चालत नव्हता, आणि तिच्या ओठातली गोष्ट मी उचलून माझ्या तोंडात घातली.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी हललेसुद्धा नाही, तिची झोप मोडेल म्हणून. एवढी माया होती बगा मला तिची.

नोकरी मला लागली. सामान बांधायला कौसाच आली होती. गादीला दोरी तिनं बांधली. वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गाडी सुटताना म्हणाली, "नीट ऱ्हा. लेकरांवर ओरडू नको."

पुढची वर्षं मी चांगलं काम केलं. हे खोटं नाही. उन्हातान्हात गावं हिंडले, कुपोषित पोरं मांडीवर घेऊन दवाखान्यात बसले. पण दर शिबिरात, दर प्रशिक्षणात, कुणीतरी म्हणायचंच, बाई, ते झोळ्यांचं सांगा ना. आणि मी सांगायची. त्यात भर पडत गेली. एकदा तर मी एका पोराचं नावसुद्धा ठेवलं, आणि ते पुढं शिक्षक झालं असं सांगितलं. कुठलं पोरगं, कुठला शिक्षक? टाळ्या पडायच्या. आणि टाळ्यांमध्ये मला बाभूळ दिसायची, खरंच दिसायची, फुफाटा नाकात जायचा. मी तिथं नव्हते हे मला मुद्दाम आठवावं लागायचं.

आणि कौसा? कौसा मुखेडात राहिली. मजुरी केली, मग शाळेत खिचडी शिजवायची. लेकरं शिकवली तिनं. मी सुट्टीला जायची तेव्हा भेटायची. एकदा तिच्या सुनेनं विचारलं, आत्याबाई, ते दुष्काळातल्या झोळ्यांचं सांगा की. तर कौसा भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊ दे गं. मलाच कळंना आता, मी केलं का कुणाचं ऐकलं." आणि हसली. सूनही हसली. मी मान खाली घालून पितळीतली भाकरी कालवत बसले होते. तिच्या घरची. जेवले मी. पोटभर जेवले.

मी रिटायर झाले तेव्हा लातूरला कार्यक्रम ठेवला होता. मी कौसाला बोलावलं. का बोलावलं? खरं सांगू — मिरवायला. माझी एवढी माणसं, एवढे हार, तिनं बघावेत म्हणून. ती साहेबांसमोर बसेल, आणि साहेब काय बोलतील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. इतकी ती गोष्ट माझी झाली होती, बगा.

सेविकांनी स्टेजवर एक झोळी टांगली होती. नव्या कोऱ्या जरीच्या लुगड्याची, आत प्लास्टिकची बाहुली. कौतुकानं केलं होतं पोरींनी. ती बघितली आणि मी समोरच्या ओळींत कौसाला शोधू लागले. कौसा दुसऱ्या ओळीत होती. पांढरं पातळ, हातात पेढ्याची पुडी. साहेब उठले, माईक ठोकला, आणि सुरू झाले. तलावाचं काम. बाभळी. लुगड्याचा वास. डोळ्याच्या कोपऱ्यातला रंग — कौसाचे शब्द, कौसाच्याच क्रमानं. मग ते म्हणाले, "आणि मित्रहो, बाईंच्या झोळीतलं एकही बाळ दगावलं नाही."

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी कौसाकडं बघितलं. बघायचं नव्हतं, पण मान वळली. ती साहेबांकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. त्या झोळीकडं बघत होती. पंख्याच्या वाऱ्यानं ती हलत होती. मग तिनं पुडी मांडीवर ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. एक बोट वाकडं असलं की टाळीचा आवाज येत नाही. नुसते हात हलतात.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला एसटी स्टँडवर पोचवायला गेले. अंगावर शाल तशीच. रिक्षात ती पेढ्याची पुडी मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं, आता विचारेल. विचारावं, शिव्या द्याव्यात, स्टँडवर चार माणसांत माझी शाल ओढावी — मी तयार होते. का तेही खोटंच? तयार असते तर मीच बोलले नसते का? मुखेडची गाडी लागली. तिनं पिशवी खांद्याला लावली, पायरीवर पाय ठेवला आणि वळली. एवढ्या वर्षांनी तो हात पदराबाहेर होता. माझ्या खांद्यावर ठेवला.

म्हणाली, "सोजरच्या पोरीला इसरलीस की गं."

एवढंच. 'माझी गोष्ट घेतलीस' नाही. 'नोकरी घेतलीस' नाही. कंडक्टरनं घंटी मारली.

त्यानंतर मी मुखेडला गेलेली नाही. लेकाला सांगते, गुडघे दुखतात. दुखतातच, पण नांदेडला लग्नाला जाऊन आले, भोकरला भाचीच्या बारशाला जाऊन आले. मुखेडच्या फाट्यावरून गाडी वळते तेव्हा मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते.

परवा तिचा फोन आला. नातवानं लावून दिला. आवाज बारीक झालाय तिचा. इकडचं तिकडचं बोलली, पाऊस न्हाई म्हणाली, नात नर्सिंगला लागली म्हणाली. मी हाव, हाव करत राहिले. मग फोन कटला का काय म्हणून मी कान लावून ऐकू लागले. तर ती होती. श्वास ऐकू येत होता.

"इंदे," ती म्हणाली, "मला आता गाडी सोसत न्हाई. तूच ये. ओल्या शेंगा आल्यात, उकडून ठिवते. सोजरच्या पोरीचं पुढचं सांगायचं राहिलंय तुला. ये गं. लवकर ये."